प्री-एक्लॅम्पसियाची ब्लड टेस्ट: कितव्या आठवड्यात कोणती करायची आणि रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय

माझी धाकटी बहीण पहिल्या वेळी डोहाळजेवण उरकून माहेरी आली तेव्हाच तिच्या पायाला सूज होती आणि आम्ही सगळ्यांनी, मी पण, पहिलटकरणीला येतेच सूज म्हणून ती गोष्ट सोडून दिली. तेहतिसाव्या आठवड्यात एका रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं, आईने बाम लावला, मग म्हणाली बरगडीखाली दुखतंय तर ॲसिडिटी समजून गार दूध दिलं, आणि पहाटे डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. बीपी १६८/११२. दुपारपर्यंत सिझर झालं, मुलगी दीड किलोची, जवळजवळ महिनाभर काचेच्या पेटीत. आज दोघी छान आहेत, मुलगी शाळेत जाते. पण मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज गरोदर बायकांचं सँपल घेते, फॉर्म भरते, आणि माझ्याच बहिणीच्या बाबतीत हे व्हावं हे अजून लागतं मनाला. दुसऱ्या वेळी मग सगळं आधीपासून नीट केलं. ते कसं केलं, आणि लॅबच्या खिडकीत उभं राहून काय काय चुका होताना दिसतात, ते सगळं इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, गोळी आणि डोस तुमच्या गायनॅकनेच ठरवायचा, पण कुठली टेस्ट कधी मागायची आणि काय विचारायचं एवढं तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आधी आजार थोडक्यात

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा जास्त, आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा किडनी, लिव्हर, प्लेटलेट, मेंदू यापैकी कशावर तरी परिणाम, किंवा बाळाची वाढ खुंटणं, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया. शंभर गरोदर बायकांमध्ये साधारण २ ते ८ जणींना होतो. पुढे वाढला की झटके येतात, त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, आपल्याकडे जुन्या बायका आकडी आली म्हणायच्या.

याचं मूळ वारेत आहे, म्हणजे प्लॅसेंटात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वार गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करते, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळावं. काही जणींमध्ये ते रुंद होणं अर्धवट राहतं, वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात एक प्रोटीन जास्त सोडायला लागते, त्याचं नाव एसएफएलटी-१. आईच्या रक्तवाहिन्या ठणठणीत ठेवणारं दुसरं एक प्रोटीन असतं, पीएलजीएफ, म्हणजे प्लॅसेंटल ग्रोथ फॅक्टर. एसएफएलटी-१ हे पीएलजीएफला धरून ठेवतं, कामच करू देत नाही. मग आईच्या सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात, गळायला लागतात, बीपी चढतं, किडनीतून प्रोटीन जातं, अंगावर सूज येते. हे २००३ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये डॉ. अनंत करुमांची यांच्या टीमने दाखवून दिलं, ते भारतीय वंशाचे किडनीचे डॉक्टर. त्याला जुळणारी एक गोष्ट कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत होती, की बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध याच साखळीतलं प्रोटीन अडवतं आणि ते घेणाऱ्या पेशंटला, गरोदरपणाचा काही संबंध नसताना, बीपी चढतं आणि लघवीतून प्रोटीन जातं.

२००४ मध्ये पुढचा अभ्यास आला त्यात दिसलं की आजार बाहेर दिसायच्या सुमारे ५ आठवडे आधीच रक्तात एसएफएलटी-१ वाढायला लागतं आणि पीएलजीएफ उतरायला लागतं. बीपी नॉर्मल, पाय नॉर्मल, बाई हसतखेळत आणि रक्तात मात्र सुरुवात झालेली. या पाच आठवड्यांसाठीच हा सगळा खटाटोप.

सगळ्यात महत्त्वाचं: टेस्ट दोन आहेत आणि दोन्हींची वेळ वेगळी

इथेच बहुतेकींचा गोंधळ होतो. लॅबमध्ये येऊन सांगतात "ती प्री-एक्लॅम्पसियाची टेस्ट करायची आहे" आणि चिठ्ठीवर पण तेवढंच लिहिलेलं असतं.

पहिली टेस्ट ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली. त्यात पीएलजीएफ बघतात आणि पुढे धोका किती ते काढतात. तिचा उपयोग एकच, की धोका जास्त निघाला तर ॲस्पिरिन (रक्त पातळ करणारी गोळी) वेळेत चालू करता येतं.

दुसरी टेस्ट वीस आठवड्यांनंतरची, साधारण सदतिसाव्या आठवड्यापर्यंत, ज्यात एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ दोन्ही मोजून त्यांचा रेशो काढतात, म्हणजे पहिलं दुसऱ्याच्या किती पट आहे ते. ही सरसकट सगळ्यांना करायची नसते. बीपी थोडं वर आलं, डोकं दुखतंय, सूज आहे, बाळाची वाढ कमी वाटते, म्हणजे शंका आहे तेव्हाच करायची.

पाचव्या महिन्यात जाऊन पहिली टेस्ट मागितली तर तिचा उपयोग संपलेला असतो, आणि तिसऱ्या महिन्यात रेशो काढला तर त्यातून काही कळत नाही. म्हणून मी प्रत्येकीला पहिला प्रश्न विचारते, कितवा आठवडा चालू आहे. महिना नको, आठवडा सांगा.

सुरुवात दिवस गेल्याचं कळल्यावर लगेच

रक्त द्यायच्या आधीच एक कागद घ्या आणि हे लिहून काढा: आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, आधीपासून बीपी, शुगर, किडनीचा आजार, ल्युपस किंवा ॲन्टीफॉस्फोलिपिडचा त्रास (दोन्ही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार) आहे का, जुळं आहे का, पहिलंच बाळंतपण आहे का, वय किती, वजन-उंची किती, आधीच्या मुलात आणि या खेपेत १० वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे का, आयव्हीएफ आहे का, आणि आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला होता का. शेवटचा प्रश्न आईला स्पष्ट विचारा, कारण त्या पिढीत कुणी प्री-एक्लॅम्पसिया म्हणायचं नाही, "तुझ्या वेळी माझं अंग फार सुजलं होतं, आठव्या महिन्यातच बाळंत झाले" असं काहीतरी निघतं, आणि तेच उत्तर असतं.

यातली पहिल्या गटातली एक जरी गोष्ट असेल, म्हणजे आधी झालेला प्री-एक्लॅम्पसिया, जुनं बीपी, शुगर, किडनी, ल्युपस, तर ब्लड टेस्टची वाट न बघता डॉक्टरांशी ॲस्पिरिनबद्दल बोला. पहिलंच बाळंतपण, जास्त वय, जास्त वजन, घरात कुणाला झालेलं, यातल्या दोन असतील तरी बोला. आपल्याकडे फॉग्सीने, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशभरातल्या संघटनेने, याचसाठी जेस्टोसिस स्कोअर सुचवलेला आहे, प्रत्येक गोष्टीला १, २ किंवा ३ मार्क आणि बेरीज ३ किंवा जास्त आली तर धोका आहे असं धरायचं. ज्या गावात ही ब्लड टेस्ट पोचत नाही तिथे कागद-पेनवर होणारं हे काम आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे.

११ ते १३ आठवड्यांची टेस्ट, नीट समजून

या आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) असतोच आणि डबल मार्करचं (बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषाचा धोका बघणारं) रक्त पण देतात. त्याच रक्तातून पीएलजीएफ करता येतं, वेगळी सुई लागत नाही. म्हणून चिठ्ठी लिहून घेतानाच विचारा, डबल मार्करसोबत पीएलजीएफ आणि प्री-एक्लॅम्पसियाचा रिस्क रिपोर्ट हवा आहे, या लॅबमध्ये होतो का, रेट काय, रिपोर्ट किती दिवसांत. लहान गावातून सँपल मोठ्या शहरातल्या लॅबला जातं, त्यामुळे दोन-तीन दिवस धरा. उपाशी यायची गरज नाही. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडंसं रक्त, बास.

पण नुसतं पीएलजीएफ पुरत नाही हे नीट लक्षात घ्या. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनने जी पद्धत बसवली, जी आता जगभर वापरतात, तिच्यात चार गोष्टी एकत्र येतात: तुमची माहिती, बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि पीएलजीएफ. चारही असतील तर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्पसिया सुमारे ७५ टक्के जणींमध्ये आधीच ओळखू येतो, १० टक्के जणींना उगाच "धोका आहे" असं निघेल हे धरून. पूर्ण दिवस भरल्यावर होणारा मात्र यातून निम्म्याहून कमी पकडला जातो. म्हणजे रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढे बीपी मोजायचं बंद करायचं असा अर्थ अजिबात होत नाही.

बीपी इथे वेगळ्या पद्धतीने लागतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या लेव्हलला, दोन्ही हातांवर दोन-दोन वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. त्यातून मीन आर्टरियल प्रेशर, म्हणजे रक्तवाहिन्यांतलं सरासरी प्रेशर काढतात. समजा ११८/७६ आलं, तर ११८ मधून ७६ गेले ४२, त्याचे तीन भाग केले १४, ते ७६ मध्ये मिळवले की ९०. हा ९० फॉर्ममध्ये जातो. जिना चढून धापा टाकत आलेल्या बाईचं उभ्या उभ्या बीपी घेऊन फॉर्मवर लिहिलेलं मी कितीदा बघितलंय, आणि त्या आकड्यावर सगळं गणित होतं.

डॉपलर एनटी स्कॅनच्या वेळीच होतो, काही मिनिटं जास्त लागतात. फक्त सोनोग्राफीच्या आधी सांगावं लागतं की युटेराइन आर्टरी डॉपलर पण करा आणि दोन्ही बाजूंचा पीआय (रक्तप्रवाहाला किती अडथळा आहे त्याचा आकडा) रिपोर्टवर लिहा. बाहेर आल्यावर आठवलं तर परत नंबर लावावा लागतो.

फॉर्म: इथे सगळ्यात जास्त चुका

हा भाग मी मुद्दाम लांब लिहितेय कारण हे माझं रोजचं काम आहे.

रक्तात पीएलजीएफ किती आलं त्या आकड्याला एकट्याला अर्थ नसतो. तो आठवडा, वजन, वंश, आयव्हीएफ, शुगर, सिगरेट या सगळ्यावर बदलतो. म्हणून कॉम्प्युटर आधी ठरवतो की तुमच्यासारख्या बाईला या दिवशी किती असायला पाहिजे, आणि तुमचा आकडा त्याच्या किती पट आहे ते सांगतो. त्याला एमओएम म्हणतात. १ आला म्हणजे अपेक्षेइतकाच, ०.५ आला म्हणजे निम्मा.

आता बघा, या आठवड्यांत पीएलजीएफ दिवसागणिक वाढत असतं. पाळी अनियमित आहे, शेवटच्या पाळीच्या तारखेने १३ आठवडे होतात पण स्कॅनमध्ये बाळाची लांबी १२ आठवड्यांची आहे. फॉर्मवर १३ लिहिलं की कॉम्प्युटर जास्त पीएलजीएफची अपेक्षा धरतो, तुमचं कमी दिसतं, आणि धोका उगाच जास्त येतो. म्हणून स्कॅनचा रिपोर्ट सोबत आणा, बाळाची लांबी म्हणजे सीआरएल आणि स्कॅनची तारीख त्यावरून भरा. ही लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये असली पाहिजे, तरच हे गणित चालतं.

वजनाचंही तसंच. अंगाने मोठ्या बाईच्या शरीरात रक्त जास्त, त्यात हे प्रोटीन पातळ होतं, म्हणून तिचा अपेक्षित आकडा कमी धरतात. कार्डावर दोन महिन्यांपूर्वीचं ६२ लिहिलंय, आज काट्यावर ६८ आहे आणि फॉर्ममध्ये ६२ गेलं, तर परत तीच गंमत, एमओएम खोटा कमी. माझ्या खिडकीजवळ वजनकाटा ठेवलाय, चप्पल काढून उभं राहायला सांगते आणि समोर दिसेल तेच लिहिते. वंशाच्या रकान्यात साउथ एशियन हवं, काही जणी घाईत तो रकाना मोकळा सोडतात आणि आपल्याकडच्या बायकांना धोका थोडा जास्त असतो ते गणितातून निसटतं. आयव्हीएफ असेल तर लाजून लपवू नका, सासरच्यांसमोर सांगायचं नसेल तर मला किंवा माझ्यासारख्या कुणाला बाजूला घेऊन सांगा, आम्ही लिहून घेतो. फॉर्मवर सिगरेटचा प्रश्न असतो, मशेरीचा नसतो, पण मशेरी किंवा तंबाखू चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी नक्की सांगा, काही मशीनवर त्याने रिझल्ट चुकू शकतो. हे विचारलं जात नाही म्हणून तुम्हीच सांगा.

रिस्क रिपोर्ट आला, आता?

रिपोर्टवर १:७५ किंवा १:९०० असं काहीतरी असेल. १:७५ म्हणजे तुमच्यासारख्या ७५ बायकांमध्ये एकीला ३७ आठवड्यांच्या आत हा आजार होण्याची शक्यता, म्हणजे ७४ जणींना होणारच नाही. साधारणपणे १:१०० च्या अलीकडे, म्हणजे दुसरा आकडा १०० पेक्षा कमी असेल तर हाय रिस्क म्हणतात, लॅबप्रमाणे ही रेघ थोडी इकडेतिकडे असते, रिपोर्टवर छापलेली असते ती बघा. "हाय रिस्क" लाल अक्षरात बघून माझ्यासमोर रडलेल्या बायका आहेत, त्यांना मी हेच ७४ सांगते.

आणि हाय रिस्क निघाल्यावर करण्यासारखं आहे, म्हणून तर ही टेस्ट. २०१७ साली ॲस्प्रे नावाचा मोठा अभ्यास आला, युरोपातल्या आणि इस्रायलमधल्या हॉस्पिटलांत मिळून. हाय रिस्क बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. खोटी गोळी घेणाऱ्या ८२२ जणींपैकी ३५ जणींना ३७ आठवड्यांच्या आत प्री-एक्लॅम्पसिया झाला, ॲस्पिरिन घेणाऱ्या ७९८ पैकी १३ जणींना. म्हणजे निम्म्याहून कमी. दिवस भरल्यावर होणाऱ्यावर मात्र फरक पडला नाही.

तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हे: ॲस्पिरिन चालू करायचं का, ७५ की १५०, रात्रीच घ्यायचं ना, कधी थांबवायचं, आणि मला दमा, अल्सर, रक्तस्राव यापैकी काही असेल तर चालेल का. चालू १६ आठवड्यांच्या आतच झालं पाहिजे, त्यानंतर फायदा कमी होतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत फाईलमध्ये ठेवून देऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा. बहिणीच्या दुसऱ्या वेळी साडेबारा आठवड्यांना रक्त दिलं, रिस्क १:४१ आली, आणि तेरावा आठवडा संपायच्या आत रात्री जेवणानंतरची गोळी चालू होती. आईने "गरोदर बाईला रक्त पातळ करायची गोळी?" म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, मग डॉक्टरांनी स्वतः फोनवर समजावलं तेव्हा शांत झाली. घरच्यांची ही भीती खरी असते, त्यांना सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा म्हणजे गोळी मधेच बंद पडत नाही.

कॅल्शियम विसरू नका, सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, प्री-एक्लॅम्पसिया कमी करायला त्याचाही हात आहे. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका.

वीस आठवड्यांनंतर: रेशो कधी मागायचा

आता दुसरा टप्पा. घरी बीपी मशीन घ्या, दंडाचं, मनगटाचं नको, आणि गरोदरपणात तपासलेलं मॉडेल आहे का ते विचारून घ्या. घरी १३५/८५ च्या वर परत परत येत असेल तर डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं तर कुठलीही टेस्ट, कुठलाही रिपोर्ट, काही बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

मधल्या जागेत, म्हणजे बीपी १३८/८८ आहे, लघवीत प्रोटीन ट्रेस, म्हणजे अगदी किंचित आहे, डोकं जड आहे, नक्की काहीच सांगता येत नाही, तिथे हा रेशो फार कामाचा आहे. २०१६ साली प्रोग्नोसिस नावाचा अभ्यास आला, १४ देशांतला. २४ ते ३६ आठवडे ६ दिवस या काळात, शंका असलेल्या बायकांमध्ये रेशो ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया होणार नाही याची खात्री ९९.३ टक्के. नंतर आशियातल्या बायकांमध्येही ३८ हीच रेघ लागू पडते असं दिसलं. पण ३८ च्या वर गेलं म्हणजे झालाच असं नाही, वर गेलेल्या शंभर जणींपैकी साधारण ३७ जणींना पुढच्या चार आठवड्यांत झाला, बाकीच्यांना नाही. म्हणजे ही टेस्ट "नाही" सांगायला जास्त पक्की आहे, "हो" सांगायला कमी.

डॉक्टर साधारण असं वाचतात: ३८ पर्यंत, आठवडाभर घरी, बीपी चालू ठेवा. ३८ ते ८५, लक्ष ठेवा, एक-दोन आठवड्यांनी परत टेस्ट. ३४ आठवड्यांच्या आत ८५ च्या वर किंवा ३४ नंतर ११० च्या वर, तर आजार असण्याची शक्यता फार, ॲडमिट किंवा अगदी जवळून लक्ष, आणि नवजात बाळांचा आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवायचा विचार. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का ते पण याच वेळी ठरतं. रेशो एकट्यावर सिझरचा दिवस ठरत नाही, बीपी, प्लेटलेट, लिव्हर, बाळाचा डॉपलर हे सगळं मिळून ठरतं.

काही ठिकाणी नुसतं पीएलजीएफ करतात, त्यातल्या एका मशीनवर १०० पिकोग्रॅमच्या वर म्हणजे ठीक, १२ च्या खाली म्हणजे फारच कमी. ब्रिटनमध्ये ११ हॉस्पिटलांत हे करून बघितलं तर डॉक्टरांना आजार ओळखायला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला, हे २०१९ मध्ये छापून आलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०१६ पासून या टेस्टची शिफारस आहे, २०२२ मध्ये ती वाढवली, आणि अमेरिकेत रेशोला मे २०२३ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे मोठ्या लॅबमध्ये होते, महाग आहे, सरसकट सगळ्यांना परवडणारी नाही हे मलाही माहीत आहे. पण दर दोन दिवसांनी ॲडमिट होऊन घरी येण्याच्या खर्चापुढे एकदा विचार करा.

जुळं असेल तर हे आकडे जसेच्या तसे लावू नका, डॉक्टरांनाच वाचू द्या. आणि एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघू नका. परत टेस्ट करायची तर त्याच लॅबमध्ये. काही ठिकाणी अजून नुसतं युरिक ॲसिड बघून "होईल-नाही होईल" सांगतात, आधीच ओळखायला ते फारसं उपयोगी नाही.

माहेरी जाताना

हे कुठल्या परदेशी गाईडलाइनमध्ये सापडणार नाही पण आपल्याकडे यानेच घोटाळा होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात बाई गाव बदलते, डॉक्टर बदलतो, लॅब बदलते, आणि हा आजार वर यायचा काळ नेमका तोच. नव्या डॉक्टरला आधीचं बीपी माहीत नसतं. पंधराव्या आठवड्यात १०४/६२ असलेली बाई माहेरी १३२/८६ घेऊन आली तर तिथे कुणाला खटकत नाही, १४०/९० च्या आत आहे ना. माझ्या बहिणीचं असंच झालं, तिची जुनी फाईल सासरी कपाटात राहिली होती.

तर निघायच्या आधी फाईलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने हे लिहा: स्कॅनप्रमाणे बाळंतपणाची तारीख, पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी आणि वजन, १२ आठवड्यांची रिस्क, ॲस्पिरिन चालू आहे का आणि किती, रेशो केला असेल तर तारीख, आठवडा, आकडा, लॅबचं नाव. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या डॉक्टरला दाखवा, डोहाळजेवण त्यानंतर ठेवा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात बीपी, लघवी आणि रक्त फुकट तपासतात, त्या दिवशी तरी जाच.

बहिणीच्या दुसऱ्या वेळी एकोणतिसाव्या आठवड्यात बीपी १३८/८८ झालं, डोकं पण दुखत होतं, आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. रेशो पाठवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला १४. ती त्या रात्री घरीच झोपली. बत्तिसाव्या आठवड्यात परत केला, २२. सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहीत राहिली, छत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवलं. स्पेनमध्ये २०२३ साली असाही अभ्यास झाला की २४ ते २८ आठवड्यांत रेशो ३८ च्या आत असेल तर ॲस्पिरिन लवकर थांबवलं तरी चालतं, पण हे स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. मुलगा अडतिसाव्या आठवड्यात झाला, २ किलो ९०० ग्रॅम.

ही लक्षणं आली तर टेस्टची वाट बघू नका

बाम लावून न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं आणि उलट्या, चेहरा आणि हात अचानक सुजणं, अंगठी निघेनाशी होणं, धाप, बाळाची हालचाल कमी होणं. रेशो कालच १० आला असला तरी जा. तिथे बीपी, लघवी, प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन बघतील आणि गरज पडली तर झटके टाळायला मॅगसल्फचं (मॅग्नेशियम सल्फेटचं) इंजेक्शन देतील.

बाळंतपणानंतर

वार बाहेर पडली की एसएफएलटी-१ उतरतं, पण बीपी लगेच उतरत नाही, उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जाऊ शकतं, म्हणजे बरोबर डिस्चार्ज होऊन घरी आल्यावर, शेक-शेगडी आणि पाहुण्यांच्या गर्दीत. पहिला आठवडा रोज दोनदा मोजा, नंतर सहा आठवडे डॉक्टर सांगतील तसं. बाळंतिणीचं डोकं दुखलं तर जागरण झालं असेल म्हणण्याआधी मशीन काढा. बहिणीचं पाचव्या दिवशी १४८/९४ गेलं होतं, गोळी चालू केली, बारशाच्या दिवशी १२६/८० होतं. आता दर वर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात ती बीपी, शुगर आणि लघवी तपासून घेते, कारण ज्यांना हा त्रास होऊन गेलाय त्यांना पुढे बीपी आणि हार्टचा धोका जास्त राहतो, आणि सँपल मीच घेते.